डेस्कटॉप संगणक डेटा सेंटरमध्ये ठेवून त्यांवर व्हीएम चालवणे: कोणत्या अटींवर जमते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्यालयातले चार ब्रँडेड डेस्कटॉप मोकळे झाले आहेत. प्रत्येकात इंटेल कोअर आय7-12700 प्रोसेसर, क्यू670 चिपसेट, 64 जीबी साधी रॅम आणि 1 टीबीची एकच एनव्हीएमई एसएसडी आहे. नवी मुंबईतील महापे येथील डेटा सेंटरमध्ये अर्धी रॅक (यंत्रे बसवण्याची उभी चौकट) भाड्याने घ्यावी, या मशिनांवर ईएसएक्सआय किंवा प्रॉक्समॉक्स (एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणाली) टाकावे आणि ईआरपी (कंपनीचे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर), त्याचा डेटाबेस, मेल व चाचणीसाठीची मिळून पंधरा-वीस व्हीएम (आभासी संगणक) चालवावीत, असा विचार आहे. हे चालेल का, की सरळ सर्व्हरच घ्यावेत?

माझे उत्तर असे आहे की चालेल, पण डेटाबेस या मशिनांवर ठेवू नका. चारपैकी तीनच होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारी मशिने, म्हणून वापरा आणि वाचलेल्या पैशांतला काही भाग मी पुढे सांगतो त्या ठिकाणी आधी खर्च करा. प्रोसेसरच्या ताकदीबद्दल मला शंका नाही. हार्डवेअरच्या मदतीने होणारे व्हर्च्युअलायझेशन इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये डेस्कटॉप प्रोसेसरमध्येच आणले, आणि प्रॉक्समॉक्सच्या मुळाशी असलेले केव्हीएम 2007 पासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे. बारा कोअरचा हा प्रोसेसर तुमच्या कामासाठी पुरून उरेल. अडचण निराळ्या ठिकाणी आहे. डेस्कटॉप अशा माणसासाठी बनवलेला असतो जो त्याच्यासमोर बसलेला आहे, ज्याला पडदा दिसतो, ज्याचा हात बटणापर्यंत पोचतो आणि काही बिनसले तर ज्याच्या ते लगेच लक्षात येते. डेटा सेंटरमध्ये असा माणूस नसतो, आणि त्याची जागा भरून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

असे काम मोठ्या प्रमाणावर करणारे लोक आहेत. जर्मनीतील हेट्झनर ही कंपनी कित्येक वर्षे कोअर आणि रायझन प्रोसेसरची डेस्कटॉप धाटणीची मशिने स्वतःच्या डेटा सेंटरांमध्ये ठेवून भाड्याने देते, आणि त्यांवर प्रॉक्समॉक्स चालवणारे ग्राहक पुष्कळ आहेत. पण तिथे सुटे भाग आणि ते बदलणारी माणसे चोवीस तास हाताशी असतात, बंद पडलेले मशीन नेटवर्कवरून बचाव प्रणालीत सुरू करता येते आणि दुरून रीसेट करण्याची सोय आधीपासून बसवलेली असते. स्वस्त मशीन तिथे टिकते ते या यंत्रणेमुळे. तुमच्या अर्ध्या रॅकमध्ये ती यंत्रणा तुम्हालाच उभी करायची आहे.

आता रॅमविषयी सविस्तर लिहितो, कारण या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते. ती एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते, दोन बिटांची चूक ओळखते आणि दोन्हींची नोंद ठेवते. डेस्कटॉपच्या साध्या रॅममध्ये चूक झाली तर ती कोणालाच कळत नाही. 2009 मध्ये गूगलच्या मशिनांवर झालेल्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मशिनांमध्ये वर्षभरात रॅमची किमान एक चूक आढळली होती आणि असे मॉड्यूल आठ टक्क्यांहून अधिक होते. त्याआधी, 2003 मध्ये, अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने 1,100 पॉवर मॅक जी5 हे बाजारात मिळणारे डेस्कटॉप जोडून महासंगणक उभारला. त्या वर्षी नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो तिसरा आला, पण त्या मशिनांत ईसीसी रॅम नव्हती. पुढच्याच वर्षी ती सगळी मशिने काढून त्यांच्या जागी ईसीसी असलेले एक्ससर्व्ह जी5 बसवले गेले. जगात तिसरा आलेला संगणक वर्षभरात बदलावा लागतो, यावरून या गोष्टीचे गांभीर्य कळावे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाचा हिशेबाचा डेटाबेस मी अशाच एका डेस्कटॉप होस्टवर ठेवला होता. दोन डिस्कवर झेडएफएस या फाइल प्रणालीचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत, होती आणि रोज रात्री बॅकअप होत असे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. एके दिवशी तिथल्या लेखापालांनी कळवले की एका खातेदाराचे आडनाव ‘पाटील’ होते ते ‘फाटील’ दिसते आहे. टंकलेखनातली चूक समजून त्यांनी ते दुरुस्त केले आणि मीही ते सोडून दिले. पंधरवड्यानंतर झेडएफएसच्या नियमित तपासणीत दोन्ही डिस्कवर एकाच वेळी, सारख्याच संख्येने चेकसमच्या (डेटा बदलला नाही ना हे ताडणाऱ्या आकड्याच्या) चुका दिसल्या. केबल बदलली, एक डिस्क बदलली, तरी चुका पुन्हा आल्या. दोन स्वतंत्र डिस्क एकाच ठिकाणी चुकत असतील तर दोष डिस्कचा नसून त्यांच्या अलीकडचा आहे, हे तेव्हा ध्यानात आले. रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला आणि तिसऱ्या फेरीत एका पत्त्यावर एक बिट सापडला, जो काहीही लिहिले तरी 1 च वाचला जात होता.

त्यानंतर ‘फाटील’चा उलगडा झाला. संगणक अक्षरे ज्या संकेतात साठवतो त्या यूटीएफ-8 मध्ये ‘प’ आणि ‘फ’ यांच्यात फक्त शेवटच्या बिटचा फरक आहे. ‘प’चा शेवटचा बिट 0 आहे आणि ‘फ’चा 1. नावातली चूक निदान डोळ्यांना दिसते. पण याच रीतीने 2 या अंकाचा 3 होतो आणि 8 चा 9 होतो, आणि हिशेबात 2,400 ऐवजी 3,400 आले तर ते कोणाला खटकणार? चेकसम लावण्याआधीच रॅममध्ये अंक बदलला असेल, तर झेडएफएस त्या चुकीच्या अंकावरच खरेपणाचा शिक्का मारते आणि तोच अंक बॅकअपमध्ये जातो. रॅमचे ते मॉड्यूल बदलायला दहा मिनिटे लागली. मागच्या तीन आठवड्यांच्या नोंदी मूळ कागदांशी ताडून पाहायला आम्हा चौघांना नऊ दिवस लागले. त्यानंतर ईसीसी नसलेल्या मशीनवर मी कोणाचाही हिशेब ठेवलेला नाही.

डीडीआर5 रॅममध्ये ईसीसी आधीपासूनच असते, असे तुम्हाला कोणी सांगेल. ती सोय प्रत्येक चिपच्या आत, त्या चिपपुरती असते. रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या मार्गाचे ती रक्षण करत नाही आणि झालेल्या चुकांची नोंद प्रणालीपर्यंत पोचवत नाही. आय7-12700 स्वतः ईसीसी चालवू शकतो, पण त्याला डब्ल्यू680 चिपसेटचा मदरबोर्ड लागतो. तुमच्या क्यू670 वर ती सोय नाही, आणि ब्रँडेड डेस्कटॉपच्या पेटीत दुसरा मदरबोर्ड सहसा बसत नाही. म्हणून डेटाबेससाठी एक वेगळे मशीन घ्या. डब्ल्यू680 बोर्डावर ईसीसी रॅम घालून बांधून घेतलेले असो किंवा चांगल्या स्थितीतला जुना एक-यू (यू हे रॅकमधल्या उंचीचे माप) सर्व्हर असो, दोन्ही चालतील. रॅम बसवल्यावर लिनक्सचा रॅमच्या चुका नोंदवणारा एडॅक विभाग ती ओळखतो आहे की नाही, हे बूटच्या नोंदींत पाहून घ्या. ईसीसी रॅम विकत घेतली पण बोर्ड ती साधी रॅम म्हणूनच चालवत होता, अशी मशिने मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहेत.

दुसरा खर्च मशीनपर्यंत दुरून पोचण्यासाठी करायचा आहे. सर्व्हरमध्ये त्यासाठी एक वेगळा छोटा संगणकच असतो. मुख्य मशीन गोठले तरी त्यावरून पडदा पाहता येतो आणि वीज बंद-चालू करता येते. तुमच्या क्यू670 मशिनांत त्याची जागा घेईल असे इंटेल एएमटी (मशीन दुरून हाताळण्याची सोय) असण्याची शक्यता आहे, मात्र खरेदीच्या वेळी व्हीप्रो (ज्या संचात एएमटी येते तो) चालू असलेला प्रकार घेतलेला असायला हवा. ते असेल तर मेशसेंट्रल या मुक्त सॉफ्टवेअरमधून बायोसचा (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचा) पडदासुद्धा महापेला न जाता दिसतो. मॉनिटर जोडलेला नसेल तर पडदा काळा येतो, म्हणून प्रत्येक मशीनला एक डमी प्लग लावा. तो काही शे रुपयांत मिळतो. एएमटीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि ते सार्वजनिक आयपीवर कधीही उघडे ठेवू नका. त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये 2017 साली अशी त्रुटी उघड झाली होती की पासवर्डच्या जागी रिकामे उत्तर पाठवले तरी आत शिरता येत असे. ती केव्हाच दुरुस्त झाली आहे, पण वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) आणि व्हीपीएन (बाहेरून आत येण्याचा सुरक्षित मार्ग) यांशिवाय ही सोय वापरू नये, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही. एएमटी नसेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारे आणि मशीनचा पडदा व कीबोर्ड दुरून देणारे पायकेव्हीएम घ्या. दोन्ही परिस्थितींत प्रत्येक सॉकेट दुरून बंद-चालू करता येईल असा पीडीयू (रॅकमधली वीजपट्टी) हवाच.

त्याबरोबर बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा आणि मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल नवा घाला. ही गोष्ट किरकोळ वाटते. पण चार-पाच वर्षे वापरलेल्या डेस्कटॉपचा सेल संपत आलेला असतो. वीज गेली की बायोस मूळ स्थितीला जातो. मग मशीन आपोआप सुरू होत नाही, किंवा सुरू झाले तरी काही बोर्डांवर व्हर्च्युअलायझेशनच बंद असते आणि एकही व्हीएम उठत नाही.

डिस्कच्या बाबतीत दोन गोष्टी पाहा. ग्राहक वर्गाच्या एसएसडीत वीज अचानक गेल्यास हातातले लेखन पुरे करणारे कॅपॅसिटर नसतात. त्यामुळे डेटाबेस किंवा झेडएफएस जेव्हा ‘हे आत्ताच्या आत्ता पक्के लिही’ असे सांगते, तेव्हा ती एसएसडी मंद होते. जाहिरातीत सेकंदाला लाखो व्यवहार लिहिलेली डिस्क अशा पक्क्या लेखनात सेकंदाला काही शे व्यवहारांवर अडकते, तर कॅपॅसिटर असलेली जुनी साटा एसएसडीसुद्धा हजारोंच्या घरात जाते. प्रॉक्समॉक्समधील पीव्हीईपर्फ ही आज्ञा चालवून तुम्ही हे स्वतः मोजू शकता. दुसरी गोष्ट आयुष्याची आहे. 1 टीबीच्या चांगल्या एसएसडीला साधारण 600 टीबी लेखनाची हमी असते, म्हणजे पाच वर्षांच्या हिशेबाने दिवसाला सुमारे 330 जीबी. ऐकायला हे पुष्कळ वाटते, पण पाच-सहा व्हीएमच्या नोंदी, प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या नोंदी आणि झेडएफएसमुळे होणारे वाढीव लेखन मिळून हा आकडा अनपेक्षितपणे जवळ येतो. म्हणून प्रत्येक होस्टमध्ये व्हीएमसाठी कॅपॅसिटर असलेल्या दोन 2.5 इंची साटा एसएसडी मिररमध्ये घाला आणि सध्याची एनव्हीएमई फक्त प्रणाली बूट करण्यासाठी ठेवा. लहान पेटीत दोन डिस्कची जागा आणि वीजजोडणी आहे का, हे मात्र झाकण उघडून आधी पाहून घ्या.

ईएसएक्सआय की प्रॉक्समॉक्स, याचे उत्तर तुमच्या प्रोसेसरनेच जवळजवळ देऊन टाकले आहे. 12700 मध्ये आठ मोठे आणि चार छोटे कोअर आहेत. सगळे कोअर एकसारखे असावेत अशी ईएसएक्सआयची अपेक्षा असते आणि ते तसे नसतील तर ते जांभळा पडदा दाखवून थांबते. ही तपासणी बंद करणारा बूट पर्याय आहे, किंवा छोटे कोअर बायोसमधून बंद करता येतात, पण उत्पादकाचा ज्याला पाठिंबा नाही अशा वाटेवर धंद्याचे काम ठेवू नये. शिवाय ब्रॉडकॉमने फेब्रुवारी 2024 मध्ये ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती बंद केली आणि एप्रिल 2025 मध्ये ती पुन्हा दिली. ती व्हीसेंटर या मध्यवर्ती नियंत्रण सॉफ्टवेअरला जोडता येत नसल्याने चालते व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर नेता येत नाही, आणि डेस्कटॉपवर काम करताना तर ती सोय सर्वांत आधी लागते. प्रॉक्समॉक्सला हे मिश्र कोअर चालतात. आवृत्ती 7.3 पासून प्रत्येक व्हीएमला कोणते कोअर द्यायचे ते ठरवता येते, तेव्हा ईआरपी मोठ्या कोअरवर बांधा आणि चाचणीची व्हीएम छोट्यांवर सोडा.

नेटवर्कच्या बाबतीत मी तुम्हाला एका ठरावीक बिघाडाबद्दल आधीच सावध करतो. या वर्गाच्या मशिनांत बहुधा इंटेलची आय219-एलएम ही चिप असते. लिनक्समध्ये ती ई1000ई ड्रायव्हरवर चालते आणि ब्रिजवरून (व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या दुव्यावरून) व्हीएमची बरीच वर्दळ सुरू झाली की कधीकधी गोठते. एकदा रात्री दोन वाजता माझे पाच व्हीएम एकदम नेटवर्कवरून गेले. त्या मशीनला एएमटी नव्हते, म्हणून ठाण्याहून गाडी काढून डेटा सेंटरला गेलो. मॉनिटर जोडला तर मशीन चांगले जिवंत होते आणि पडद्यावर ‘हार्डवेअर युनिट हँग’ अशी एकच ओळ दर दोन सेकंदांनी उमटत होती. केबल काढून परत लावली आणि सगळे सुरळीत झाले. इथटूल ही आज्ञा वापरून टीएसओ आणि जीएसओ, म्हणजे मोठ्या डेटाचे तुकडे करून पाठवण्याच्या दोन सोयी, बंद करायच्या आणि ती ओळ नेटवर्कच्या सेटिंगमध्ये कायमची लिहून ठेवायची, एवढाच त्यावर उपाय आहे. त्यानंतर ते मशीन तीन वर्षे चालले आणि तो बिघाड पुन्हा आला नाही. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करून टाका, आणि प्रत्येक होस्टमध्ये आय350 सारखे दोन पोर्टचे सर्व्हर वर्गातले कार्ड घाला. क्लस्टरची (एकत्र जोडलेल्या होस्टांची) आपसातली बोलणी एका पोर्टवर वेगळी ठेवा. ती बाहेरच्या वर्दळीत अडकली आणि हाय अव्हेलेबिलिटी (होस्ट पडला की त्याची व्हीएम दुसरीकडे उठवणारी सोय) चालू असली, तर क्लस्टरपासून तुटलेला होस्ट मिनिटभरात स्वतःला रीबूट करतो, मग त्यात काहीही बिघडलेले नसले तरी. डेटा सेंटरच्या लोकांना हेही विचारा की त्यांच्या पोर्टवर किती मॅक पत्ते (नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राची ओळख) चालतात, कारण ब्रिजवरच्या प्रत्येक व्हीएमचा स्वतंत्र मॅक बाहेर दिसतो आणि काही ठिकाणी मर्यादा ओलांडली की पोर्ट बंद होतो.

चारऐवजी तीन होस्ट का, ते सांगतो. प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरला कोणताही निर्णय घेण्यासाठी बहुमत लागते. तिघांतला एक गेला तरी दोघांचे बहुमत उरते. चौघांतही एकच जाऊ शकतो, कारण दोन गेले की उरलेल्या दोघांचे बहुमत होत नाही. म्हणजे चौथ्या होस्टने टिकाऊपणात काहीच भर पडत नाही. त्या चौथ्या मशीनवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवा आणि ते शक्य असेल तर महापेला न नेता कार्यालयातच ठेवा, म्हणजे बॅकअप दुसऱ्या इमारतीत राहील. होस्टांमध्ये झेडएफएसचे रेप्लिकेशन लावा. ते ठरलेल्या अंतराने, मूळ मांडणीत दर पंधरा मिनिटांनी, व्हीएमची प्रत दुसऱ्या होस्टवर नेते. याचा अर्थ होस्ट अचानक मेला तर शेवटच्या काही मिनिटांचे काम जाईल. मेल आणि ईआरपीच्या बाबतीत ते चालेल का, हे तुमच्या मालकांना आधी स्पष्ट शब्दांत विचारून घ्या. तीनही होस्टांवर मिळून जेवढी रॅम आहे तिच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त वाटू नका, नाहीतर एक होस्ट गेल्यावर त्याची व्हीएम उतरवायला दुसरीकडे जागाच नसेल.

रॅकमध्ये मशिने कशी बसवायची हा भाग लोक नेण्याच्या दिवसापर्यंत विसरतात. उभ्या पेट्यांसाठी रॅकमध्ये शेल्फ लागते आणि ती बरीच यू जागा खाते. लहान पेट्या आडव्या बसतात. हवा पुढून आत आणि मागून बाहेर जायला हवी, कारण डेटा सेंटरमध्ये पुढची गल्ली थंड आणि मागची गरम असते. मशीन उलटे ठेवले तर ते गरम गल्लीतली हवा आत ओढते. आय7-12700 च्या नावापुढे 65 वॅट लिहिलेले असले तरी जोरात चालताना तो 180 वॅटपर्यंत जातो, आणि लहान पेटीतला पंखा चोवीस तास तेवढ्या उष्णतेसाठी बनवलेला नसतो. बायोसमध्ये सोय असेल तर वीजमर्यादा 65 वॅटवर बांधा. तुमच्या कामात फरक जाणवणार नाही. डेटा सेंटरच्या पीडीयूवर आपल्या तीन पिनांच्या प्लगसाठी जागा नसते, तिथे सी13 सॉकेट असतात. म्हणून सी13 ते सी14 अशा केबल बरोबर न्या. त्या न नेल्यामुळे अर्धा दिवस वाया घालवलेले लोक मला माहीत आहेत. सर्व्हरला दोन वीजपुरवठे असतात, डेस्कटॉपला एकच. तेव्हा तिन्ही मशिने डेटा सेंटरच्या ए आणि बी या दोन वीजमार्गांपैकी एकाच मार्गावर लावू नका. दोन वेगळ्या मार्गांवर वाटूनही एक मार्ग गेल्यावर दोन होस्ट एकदम पडू शकतात, म्हणून रॅकमध्ये बसणारा एटीएस (वीजमार्ग आपोआप बदलणारा स्विच) घ्या. एक मार्ग गेला की तो यंत्रांना न कळता दुसऱ्यावर नेतो.

परवान्यांबद्दल थोडक्यात. विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरनुसार असतो आणि एका मशीनसाठी किमान सोळा कोअर धरतात, त्यामुळे बारा कोअरच्या होस्टलाही सोळांचेच पैसे पडतात. या पद्धतीत व्हीएम ज्या ज्या होस्टवर जाऊ शकते त्या प्रत्येकाचा परवाना लागतो, म्हणजे तीन होस्टांचा हिशेब आधी करा. पुढे कधी जीफोर्स ग्राफिक्स कार्ड घालायचा विचार आला, तर त्याच्या ड्रायव्हरच्या अटींनुसार डेटा सेंटरमधला वापर निषिद्ध आहे.

मशिने महापेला हलवण्यापूर्वी कार्यालयातच दोन आठवडे चालवा. प्रत्येकावर किमान अठ्ठेचाळीस तास मेमटेस्ट लावा. एक जरी चूक दिसली तरी ते मॉड्यूल वापरू नका. मग क्लस्टर बांधा, सगळी व्हीएम चढवा, बॅकअपमधून एक व्हीएम पूर्ण परत आणून त्यातला डेटा उघडून पाहा. शेवटी, कामाच्या वेळेत आणि सर्वांना आधी सांगून, चालू होस्टची वीजकेबल भिंतीतून काढा आणि घड्याळ लावून बसा. व्हीएम दुसऱ्या होस्टवर किती वेळात उठले, कोणाला हाताने उठवावे लागले आणि केबल परत लावल्यावर ते मशीन कोणी बटण न दाबता क्लस्टरमध्ये आले का, हे लिहून ठेवा. तिन्ही होस्टांवर हे एकेकदा करून झाले आणि तिन्ही वेळा खुर्चीवरून न उठता काम भागले, तर टेम्पो बोलवायला हरकत नाही.